बर्फातल्या गावाचं जलरंगचित्र कसं वाचावं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बर्फाळ खेड्याचं जलरंगचित्र समोर आलं की "छान आहे, शांत आहे" यापुढे काय बोलायचं, असं बरेच जण विचारतात. कुणी कलेचे विद्यार्थी असतात, कुणाला परदेशातल्या संग्रहालयात असं चित्र दिसलेलं असतं, कुणाच्या दिवाणखान्यात ते टांगलेलं असतं. पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. एखाद्या उत्तराचा धागा दुसरीकडे असेल तिथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. असं चित्र बघायला सुरुवात कुठून करायची?

कोऱ्या कागदापासून. तैलरंगात बर्फ पांढऱ्या रंगाने रंगवतात. पारदर्शक जलरंगात बर्फ म्हणजे बहुतेक वेळा रंग न लावलेला कागद. चित्रकार आकाश, झाडं, कुंपण, घराच्या भिंती रंगवतो आणि बर्फाच्या जागी हात आवरतो. म्हणून आधी नुसतं एवढं शोधा: कागद कुठे कोरा आहे, आणि त्याच्या कडेला रंग कसा येऊन थांबला आहे? कड धारदार असेल तर तिथे छपराची किंवा बांधाची स्पष्ट रेषा आहे. ओल्या कागदावर रंग पसरून कड विरली असेल तर तिथे धुकं, उडता भुरभुर बर्फ किंवा लांबचं अंतर आहे.

हे पाच मिनिटं केलं की चित्रकाराने काय आधी ठरवलं होतं ते दिसू लागतं. जलरंगात पांढरी जागा राखावी लागते, नंतर आठवून चालत नाही. अर्थाकडे, प्रतीकांकडे, भावनेकडे त्यानंतर वळा. उलट क्रमाने गेलं की प्रत्येक बर्फाचं चित्र "एकाकी" होऊन बसतं, आणि दोन चित्रांमधला फरकच हाती लागत नाही.

२. पण काही चित्रांत बर्फ चक्क पांढऱ्या रंगाने काढलेला दिसतो. मग ते जलरंग नाही का?

जलरंगच. पांढरा अपारदर्शक रंग जलरंगात फार पूर्वीपासून वापरला जातो. विन्सर अँड न्यूटन या रंग बनवणाऱ्या इंग्रजी कंपनीने १८३४ मध्ये जस्तापासून बनवलेला 'चायनीज व्हाइट' बाजारात आणला आणि तो चित्रकारांच्या पेटीत कायमचा बसला. काही मंडळी त्याला फसवणूक मानतात, मला ते पटत नाही. काळ्या झाडीवर पडणारा बर्फ एकेक कण राखून दाखवायचा म्हटलं तर चित्र मरून जाईल.

ओळखायचं कसं? मूळ चित्र समोर असेल तर बाजूने, तिरक्या उजेडात बघा. कोऱ्या कागदाचा पोत उघडा दिसतो, खडबडीत कागद असेल तर त्याचे उंचवटे मोजता येतात. पांढरा रंग मात्र त्या पोतावर बसलेला, थोडा मॅट दिसतो. तिसरा प्रकार म्हणजे खरवडणं: रंग वाळल्यावर पात्याने किंवा नखाने कागदाची साल काढतात, तिथे तंतू उठलेले असतात. इंग्रज चित्रकार टर्नर हे सर्रास करायचा. चौथा, मास्किंग फ्लुइड: रबरासारखा द्रव आधी लावून, वरून रंगवून, शेवटी सोलून काढतात. त्याने राहिलेल्या पांढऱ्या रेषांच्या दोन्ही कडा सारख्याच कडक असतात. बारीक फांद्यांवरचा बर्फ असा दिसला तर बहुधा तेच केलेलं असतं.

अर्थाच्या दृष्टीने फरक पडतो का? पडतो. राखलेला बर्फ चित्राच्या तळाशी असतो, तो आधीपासून होता असं वाटतं. वरून लावलेला बर्फ आत्ता पडतोय असं वाटतं.

३. बर्फाच्या सावल्या निळ्या-जांभळ्या का असतात? चित्रकाराची कल्पना आहे का ती?

नाही, निरीक्षण आहे. सावलीत सूर्याचा थेट उजेड पोचत नाही, पण निळ्या आकाशाचा पोचतो, आणि पांढरा बर्फ तो तसाच परत पाठवतो. ताजा बर्फ त्याच्यावर पडलेल्या उजेडाचा ८० टक्क्यांहून जास्त भाग परावर्तित करतो, त्यामुळे तिथे निळाई जास्त उठून दिसते. काळ्या मातीवर हीच सावली आपल्याला निळी वाटत नाही, म्हणून आपला विश्वास बसत नाही. फ्रान्समध्ये चित्रकार मोनेने १८६८-६९ मध्ये बर्फातल्या कुंपणावर बसलेल्या पक्ष्याचं 'द मॅगपाय' हे तैलचित्र केलं. त्यातल्या सावल्या निळ्या होत्या. पॅरिसच्या 'सलों' या अधिकृत कलाप्रदर्शनाने १८६९ मध्ये ते नाकारलं. आज ते पॅरिसच्या ओर्से संग्रहालयात आहे.

यावरून एक उपयोगी खूण मिळते. सावल्या निळ्या असतील तर वर आकाश निरभ्र आहे, मग ते चित्रात दिसो न दिसो. सावल्याच नसतील आणि सगळं राखाडी असेल तर दिवस ढगाळ आहे. अशा चित्रांत आकाश बर्फापेक्षा गडद रंगवलेलं असतं. आपल्याकडे आकाश उजळ आणि जमीन गडद असं बघायची सवय असल्याने चित्र उलटं झाल्यासारखं वाटतं आणि एक अस्वस्थपणा येतो. त्यातला किती चित्रकाराने मुद्दाम आणला आणि किती आपल्या सवयीचा, हे वेगळं करून बघा.

४. सावल्या लांब आहेत, म्हणजे संध्याकाळ किंवा पहाट धरायची ना?

मराठी प्रेक्षकाची सर्वांत जास्त फसगत इथे होते. मुंबईत २१-२२ डिसेंबरला भर दुपारी सूर्य क्षितिजापासून सुमारे ४७ अंशांवर असतो. माणसाची सावली त्याच्या उंचीपेक्षा जराशी आखूडच पडते. अमेरिकेच्या पेनसिल्व्हेनियात, साधारण ४० अक्षांशावर, त्याच दिवशी त्याच वेळी सूर्य सुमारे साडेसव्वीस अंशांवर असतो आणि सावली उंचीच्या दुप्पट पडते. स्कॉटलंड, स्वीडनकडे ती त्याहून कितीतरी लांब.

म्हणजे लांब सावली दिसली म्हणून "दिवस मावळतोय, आयुष्याची संध्याकाळ" असं लिहू नका. चित्र कुठलं आहे ते आधी बघा. संध्याकाळ ओळखायची ती उजेडाच्या रंगावरून: बर्फाच्या उन्हातल्या भागावर पिवळ्या-केशरी रंगाचा पातळ वॉश (पाणी जास्त घालून दिलेला रंगाचा हात) आहे का, खिडक्यांत दिवे आहेत का, आकाश क्षितिजाजवळ उबदार झालंय का. आकाशाच्या गुलाबी रंगाचा मात्र एक वेगळा धोका आहे, त्यासाठी प्रश्न ११ पाहा.

५. खेड्याचं चित्र आहे. त्यात नेमकं काय काय बघायचं?

आपल्यापैकी बहुतेकांनी बर्फ पाहिला तो सुट्टीत, भाड्याचे बूट आणि कोट घालून. या चित्रांतला बर्फ तिथे राहणाऱ्यांचा आहे. त्यांना त्यातूनच गोठ्यापर्यंत जायचं असतं, वैरण घालायची असते, लाकूड आणायचं असतं. म्हणून चित्र कामाच्या नजरेने बघा.

छपरं बघा. राहत्या घराच्या छपरावरचा बर्फ आधी वितळतो, धुराड्याभोवती तर सगळ्यात आधी, कारण आतून ऊब येते. गवत-दाणा ठेवायच्या कोठाराच्या छपरावर तो तसाच राहतो. दोन शेजारच्या घरांपैकी एकाचं छप्पर काळं आणि दुसऱ्याचं पांढरंशुभ्र असेल तर दुसऱ्या घरात चूल पेटलेली नसावी. एवढ्याशा गोष्टीत एक अख्खी हकिगत असू शकते.

धूर बघा. सरळ वर जात असेल तर हवा स्तब्ध आहे. आडवा होत असेल तर वारा आहे, आणि मग झाडांच्या खोडांवर एकाच बाजूला बर्फ चिकटलेला आहे का ते पडताळा. चांगला निरीक्षक या दोन गोष्टी जुळवतो.

फांद्या बघा. फांद्यांवर बर्फ लादलेला असेल तर तो नुकताच पडलाय आणि वारा सुटलेला नाही. जमिनीवर बर्फ पण फांद्या उघड्या, म्हणजे काही दिवस गेले. कुंपणाचे खांब किती बुडालेत त्यावरून बर्फाची खोली कळते. शेतात मक्याची धसकटं वर आलेली असतील तर बर्फ पातळ आहे, आणि पीक निघून गेलंय हेही कळतं.

आणि वाटा. पावलं कुठून कुठे गेली आहेत? घरातून गोठ्याकडे रुळलेली वाट म्हणजे रोजचं काम. रस्त्यावरून घराकडे आलेली एकच पावलांची रांग म्हणजे कुणीतरी आलंय आणि अजून गेलेलं नाही. वाट अजिबात नसेल तर बर्फ रात्री पडलाय किंवा घर रिकामं आहे. धूर आणि छप्पर पाहून यातलं कुठलं ते ठरवता येतं.

६. बर्फ म्हणजे मृत्यू, निराशा, शेवट, असं सगळीकडे वाचलंय. तसंच लिहायचं का?

चित्रातच त्याचा पुरावा असेल तरच. युरोप-अमेरिकेतल्या शेतकऱ्याला बर्फाचा दुसराही अर्थ माहीत असतो. शरद ऋतूत पेरलेला गहू हिवाळाभर जमिनीत असतो, आणि त्यावरचा बर्फाचा थर त्याला कडाक्याच्या थंडीपासून वाचवतो. बर्फाशिवायची कोरडी, गोठवणारी थंडी त्या पिकाला जास्त घातक. म्हणजे पांढरं शेत हे मेलेलं शेत असेलच असं नाही. दुसऱ्या बाजूला, ज्याच्या घरातलं सरपण संपत आलंय त्याला हाच बर्फ भीतीदायक आहे. कुठला अर्थ घ्यायचा ते प्रश्न ५ मधल्या खुणा सांगतात. "पावित्र्य" या शब्दाचंही तेच: पांढरं दिसलं की तो शब्द आपोआप येतो, म्हणून तो आधी बाजूला ठेवा.

७. चित्रात माणूसच नाही. मग एकटेपणा तरी म्हणू का?

दाराबाहेरच्या चपला बघून घरात किती माणसं आहेत ते आपण ओळखतो, तसं इथे करा. धूर, वाट, झाडलेली पायरी, उजळलेली खिडकी यांतलं काही असेल तर माणसं आत आहेत, आणि बाहेरच्या थंडीमुळे आतली ऊब जास्त जाणवते. यांतलं काहीच नसेल तर एकटेपणा म्हणा.

८. एखादं चित्र घेऊन हे करून दाखवाल का?

अँड्र्यू वाइथ (१९१७–२००९) या अमेरिकन चित्रकाराचं 'वुल्फ मून' घेऊ. १९७५ सालचं जलरंगचित्र. जागा पेनसिल्व्हेनियातल्या चॅड्स फोर्ड गावाजवळचं कर्नर कुटुंबाचं शेत. रात्र आहे, गडद जमिनीवर बर्फाचे पांढरे तुकडे, घर, आणि पेटलेला दिवा दाखवणारी खिडकी.

आधी कागद. इथे बर्फ सलग नाही, तुकड्यांत आहे. त्यामुळे चित्रकाराचं बरंचसं काम काळोखाचं आहे. तो जड, दाट काळोख पांढऱ्या तुकड्यांना चारी बाजूंनी दाबतो आणि त्यांचे आकार अणकुचीदार होतात. सुरुवातीला म्हटलं तसं, रंग कुठे थांबला ते बघा: इथे तो विरघळत थांबत नाही, तुटतो. रात्र मऊ वाटत नाही त्याचं कारण हे.

मग वेळ. अमेरिकेतल्या लोकपरंपरेत जानेवारीतल्या पौर्णिमेच्या चंद्राला 'वुल्फ मून' म्हणतात. म्हणजे शीर्षकातून महिना आणि तिथी दोन्ही मिळाल्या. तुकड्यांतला बर्फ सांगतो की मोठा बर्फ पडून गेलाय आणि काही वितळलाय. हिवाळा अर्ध्यावर आहे.

मग खिडकी. प्रश्न ७ च्या हिशेबाने माणसं आत आहेत आणि जागी आहेत. पण ऊब वाटते का? मला वाटत नाही. उजेड इतका लहान आणि भोवतालचा काळोख इतका मोठा आहे की आपण बाहेर, टेकडीवर, कुणाच्याही नकळत उभे आहोत असं वाटतं. बघणारा आणि घर यांच्यात एक अंतर आहे आणि ते ओलांडायचं नाही, असा तो क्षण आहे. कुणी या खिडकीत आधार वाचला तर मी हरकत घेणार नाही, पण मग त्याने त्या टोकदार पांढऱ्या तुकड्यांचं काय करायचं ते सांगायला हवं.

आता बाहेरची माहिती. कार्ल कर्नर हा जर्मनीहून आलेला शेतकरी, पहिल्या महायुद्धात जर्मन सैन्यात मशीनगन चालवलेला. वाइथ लहानपणापासून या शेतावर जात होता आणि पुढे अनेक दशकं त्याने तेच घर, तीच टेकडी रंगवली. शरद आणि हिवाळा त्याला जास्त प्रिय, कारण तेव्हा जमिनीची हाडं जाणवतात असं तो म्हणे. हे शेत आता ब्रँडीवाइन संस्थेच्या ताब्यात आहे आणि २०११ मध्ये त्याला राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळाचा दर्जा मिळाला. माहितीमुळे वाचन बदललं नाही, पण खोल झालं: ते अंतर परक्या माणसाचं नाही, आयुष्यभर जवळ राहूनही उरलेलं आहे.

९. मग चित्रकाराचं चरित्र वाचल्याशिवाय अर्थ लागतच नाही का?

लागतो, पण कधीकधी चरित्र एखादी गोष्ट उघडते जी चित्रात एकट्याने सापडली नसती. वाइथचाच दाखला. त्याचे वडील एन. सी. वाइथ हे नावाजलेले कथाचित्रकार. ऑक्टोबर १९४५ मध्ये कर्नर शेताजवळच्या रेल्वे क्रॉसिंगवर गाडीला आगगाडीची धडक बसून ते आणि त्यांचा लहान नातू गेले. पुढच्या वर्षी वाइथने 'विंटर १९४६' केलं: एक मुलगा उघड्याबोडक्या टेकडीच्या उतारावरून धावत सुटलाय. (हे एग टेम्परातलं, म्हणजे अंड्याच्या बलकात कालवलेल्या रंगांतलं आहे, जलरंगातलं नाही.) ती टेकडी म्हणजे माझे वडील, असं वाइथने पुढे सांगितलं.

माझा क्रम असा: आधी चित्र, मग शीर्षक आणि साल, मग चरित्र. चरित्र आधी वाचलं की डोळे फक्त त्याचे पुरावे शोधत राहतात.

१०. चित्रात झाडं वाकडीतिकडी, घराला डोळे असल्यासारख्या खिडक्या. हे प्रश्न ५ च्या पद्धतीने कसं वाचायचं?

अशा चित्रांना ती पद्धत पुरत नाही. याचा मोठा चित्रकार म्हणजे चार्ल्स बर्चफील्ड (१८९३–१९६७). तो ओहायोतल्या सेलम गावात वाढला, पुढे बफेलो भागात राहिला, आणि आयुष्यभर प्रामुख्याने जलरंगात काम केलं. १९१७ मध्ये त्याने भीती, उदासी अशा मनःस्थितींसाठी चिन्हांसारखे आकारच आखून ठेवले आणि ते घरांत, झाडांत, आभाळात मिसळले. त्याच्या 'चर्च बेल्स रिंगिंग, रेनी विंटर नाइट' (१९१७) मध्ये चर्चचा मनोरा पक्ष्याच्या डोक्यासारखा होऊन अंगावर येतो आणि घरं चेहऱ्यांसारखी बघतात. ती लहान मुलाची हिवाळी रात्रीची भीती आहे.

इथे "असं कधी असतं का?" हा प्रश्न सोडून द्या आणि आकार मोजा. एकच वळण किती ठिकाणी आलंय? छपरावर, ढगात, खिडकीत तेच वळण परत येत असेल तर ती चित्रकाराची भाषा आहे. पांढऱ्या जागेला तेव्हाही विसरू नका, तिचाही आकार असतो.

११. आकाश गुलाबी आणि बर्फ पिवळसर आहे. सूर्यास्त म्हणायचा का?

चित्र जुनं असेल तर थांबा. कदाचित तो वयाचा परिणाम असेल. अठराव्या-एकोणिसाव्या शतकात राखाडी ढगांसाठी नीळ आणि तांबूस रंग मिसळत. नीळ उजेडात उडून जाते, तांबूस मागे राहतो, आणि ढगाळ दुपारचं आकाश शंभर वर्षांनी गुलाबी होतं. टॉमस गर्टिन या इंग्रज चित्रकाराच्या काळातल्या अनेक इंग्रजी जलरंगचित्रांचं असं झालं. ब्रिटनमध्ये १८८८ साली रसेल आणि ॲबनी या शास्त्रज्ञांनी उजेडाने जलरंग कसे उडतात यावर सविस्तर अहवाल दिला. आज संग्रहालयं अशी चित्रं सुमारे ५० लक्स (उजेड मोजायचं एकक) इतक्या मंद उजेडात ठेवतात ती याचसाठी.

पिवळा बर्फ म्हणजे बहुधा पिवळा पडलेला कागद. आम्ल असलेला माउंट (चित्राभोवतीची पुठ्ठ्याची चौकट) किंवा मागचा पुठ्ठा हे नेहमीचं कारण. फ्रेम काढून माउंटखाली झाकलेली कड बघा: तिथला कागद जास्त पांढरा आणि आकाश जास्त निळसर-राखाडी असेल तर उत्तर मिळालं.

एक विरळ पण चकवणारा प्रकार: पांढऱ्याऐवजी काळे ठिपके. शिशाचा पांढरा रंग वापरलेला असेल तर हवेतल्या गंधकयुक्त वायूने तो काळा पडतो. बर्फाच्या कणांचा कोळसा झालेला दिसतो, आणि मग त्यावर राखेचे, युद्धाचे अर्थ लावले जातात. तज्ज्ञ संवर्धक हे काळेपण अनेकदा घालवू शकतात. घरी काहीही पुसायला, ओलं करायला जाऊ नका.

१२. चित्रकाराने खरंच तिथे बसून, बर्फात रंगवलं असेल का?

गरज नाही. हेंड्रिक ॲव्हरकॅम्प (१५८५–१६३४) हा कांपेन गावचा मुका डच चित्रकार, गोठलेल्या कालव्यांवर स्केटिंग करणाऱ्या गावकऱ्यांची त्याची जलरंगातली रेखाचित्रं प्रसिद्ध आहेत. युरोपात तेव्हा हिवाळे खरोखर कडक होते, तरी त्याने तीच माणसं वेगवेगळ्या चित्रांत पुन्हा वापरली आहेत. जपानमध्ये चित्रकार हिरोशिगेने १८३३-३४ च्या सुमारास तोकाइदो या जुन्या प्रवासमार्गाच्या मालिकेत कान्बारा हे ठाणं रात्रीच्या दाट बर्फात दाखवलं. ते समुद्राकाठचं सौम्य हवामानाचं गाव आहे, तिथे इतका बर्फ फारसा पडत नाही. (तो लाकडी ठशांचा छाप आहे, पण मुद्दा तोच.) बर्फ रचलेला आहे हे कळल्यावर विचारायचा प्रश्न बदलतो: इथे शांतता हवी म्हणून बर्फ आणला, की वाटसरूंचे कष्ट दाखवायला?

१३. आपल्याकडे कुणी बर्फाची जलरंगचित्रं केली का?

महाराष्ट्राची जलरंगाची परंपरा भक्कम आहे. सा. ल. हळदणकरांचं हातात दिवा घेतलेल्या स्त्रीचं, म्हैसूरला असलेलं चित्र जलरंगातलंच. पण आपला विषय ऊन, पाऊस, घाट, वाडे. बर्फ भेटला तो प्रवासात: ना. श्री. बेंद्रे १९३०च्या दशकात काही काळ काश्मीरमध्ये काम करत होते. कुलू खोऱ्यातल्या नग्गरला राहिलेल्या निकोलस रोरिक या रशियन चित्रकाराचा हिमालय मात्र मुख्यतः टेम्परात आहे आणि त्यात शिखरं आहेत, शेतं नाहीत. गावातल्या रोजच्या बर्फाचं चित्र बघायचं तर उत्तर युरोप आणि अमेरिकेकडेच जावं लागतं.

१४. मोबाइलवर बघून अर्थ लावला तर चालेल का?

रचना, सावल्या, खुणा यांसाठी चालेल. कागद आणि पांढऱ्याचे प्रकार (प्रश्न २) यांसाठी नाही. पडदा आपला स्वतःचा पांढरा दाखवतो. संग्रहालयांच्या संकेतस्थळांवर मोठ्या आकारात बघायची सोय असेल तर कडा तेवढ्या नीट तपासा, आणि चित्राचं माप जरूर वाचा. हातभर रुंद चित्र आणि वहीएवढं चित्र, दोन्ही मोबाइलवर सारखीच दिसतात.

१५. घरात एक जुनं बर्फाळ गावाचं चित्र आहे. ते हाताने केलेलं आहे की छापील, कसं कळेल?

भिंग घ्या. छापील असेल तर आकाशाच्या सलग वाटणाऱ्या रंगात बहुतेक वेळा ठिपक्यांची जाळी दिसेल. हल्ली जाड जलरंगाच्या कागदावरही छापतात, तेव्हा नुसत्या कागदाच्या पोतावर जाऊ नका. खऱ्या वॉशच्या वाळलेल्या कडेला रंग साचून एक गडद रेघ तयार होते, पातळ रंगाखाली पेन्सिल दिसते, आणि भरपूर पाणी वापरलेल्या भागात कागद किंचित लाटेसारखा उठलेला असतो. ठिपक्यांची जाळी नसेल आणि या तीनपैकी दोन गोष्टी असतील तर ते हाताने केलेलं असण्याची शक्यता बरीच आहे. चित्रकार कोण हे त्यावरून ठरत नाही. त्यासाठी मागच्या बाजूचा मजकूर, फ्रेमवाल्याची चिठ्ठी, कागदातलं जलचिन्ह यांचे फोटो काढून कागदावरच्या चित्रांच्या जाणकाराला दाखवा. तोवर ते खिडकीसमोरच्या भिंतीवरून काढून उन्हापासून दूर लावा.